जुना कॉम्प्युटर संथ झालाय? नवा घेण्याआधी या गोष्टी तपासून पाहा

घरातला आठ-दहा वर्षांचा कॉम्प्युटर चालू व्हायला पाच-सात मिनिटे लागतात. ब्राउझर उघडला की पंखा घरघरू लागतो आणि प्रवेश अर्जाच्या शेवटच्या तारखेलाच स्क्रीन अडकून बसते. मग घरात एकच निष्कर्ष निघतो: ‘म्हातारा झाला, आता बदला.’

प्रत्यक्षात प्रोसेसर माणसासारखा म्हातारा होत नाही. दहा वर्षांपूर्वी तो ज्या वेगाने आकडेमोड करत होता, जवळजवळ त्याच वेगाने आजही करू शकतो. संथपणा येतो तो बहुतेक वेळा पाच कारणांनी: आत साचलेली धूळ आणि त्यामुळे वाढलेली उष्णता, गच्च भरलेली डिस्क, मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम, अपुरी रॅम आणि थकलेली हार्ड डिस्क. यातली पहिली तीन कारणे घरच्या घरी, जवळपास फुकटात दूर होतात. चौथ्यासाठी थोडा खर्च येतो. पाचवे कारण मात्र वेगळे आहे. तिथे प्रश्न फक्त वेगाचा नसतो, साठवलेले सगळे कायमचे जाण्याचा असतो. म्हणूनच देखभालीची सुरुवात साफसफाईने न करता बॅकअपने करावी.

आधी बॅकअप, मग बाकी सगळे

जुन्या कॉम्प्युटरमधील हार्ड डिस्क हे फिरते यंत्र आहे. तिच्यातील तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या मारतात आणि वाचणारे टोक त्यांच्या पृष्ठभागापासून केसापेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. असे यंत्र कधी ना कधी थकणारच. थकलेली डिस्क एखादा भाग वाचता आला नाही की पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि वापरणाऱ्याला वाटते, कॉम्प्युटर ‘स्लो’ झाला. अशा वेळी व्हायरस स्कॅन, डिफ्रॅग किंवा फॉरमॅट सुरू केले तर आधीच दमलेल्या डिस्कवर आणखी ताण पडतो. काही वेळा तो शेवटचा ठरतो.

डिस्क थकल्याची ओळखण्याजोगी चिन्हे अशी:

- डिस्कमधून ‘टक् टक्’ असा ठरावीक आवाज येणे
- एखादे फोल्डर उघडताना सगळेच गोठणे, फाइल कॉपी होता होता मध्येच थांबणे
- कॉम्प्युटर चालू करताना वारंवार डिस्क तपासणीची स्क्रीन येणे
- काल उघडलेली फाइल आज उघडत नाही असे होणे

हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ नावाच्या यंत्रणेत ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम ती नोंद वाचून दाखवतो. निळ्या रंगात ‘गुड’ दिसले तर ठीक. पिवळ्या रंगात ‘कॉशन’ दिसले तर त्याच दिवशी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे कॉपी कराव्यात. तरीही ‘गुड’ म्हणजे हमी नव्हे, कारण काही डिस्क कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडतात. टक् टक् आवाज सुरूच असेल तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहू नये. डिस्क बंद ठेवून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यावी.

बॅकअपचा जगभर वापरला जाणारा साधा नियम ३-२-१ असा आहे: महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. घरगुती वापरात याचा अर्थ होतो एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर. बाहेरची डिस्क कायम जोडून ठेवू नये. रॅन्समवेअर आले तर ते जोडलेल्या डिस्कवरील फाइलही कुलूपबंद करते. गुगल खात्यात मोफत मिळणारी १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींसाठी मिळून असते. १ जून २०२१ पासून नव्याने चढवलेले फोटोही त्यात मोजले जातात, त्यामुळे सगळे फोटो तिथे मावतीलच असे नाही.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. पहिली, फोनमधली जागा संपली म्हणून कॉम्प्युटरवर हलवलेले आणि फोनमधून पुसून टाकलेले फोटो. त्यांची जगातली एकमेव प्रत त्या जुन्या डिस्कवर असते. दुसरी, मराठीचे जुने फॉन्ट. श्रीलिपी, आयएसएम किंवा कृती देव वापरून टाइप केलेली पत्रे, पत्रिका आणि संस्थेची इतिवृत्ते युनिकोडमध्ये नसतात. विंडोज नव्याने टाकल्यावर तो फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरे दिसतात. फॉरमॅट करण्याआधी हे फॉन्टही जपून ठेवावेत आणि महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ करून ठेवावी.

नेमके दुखणे कुठे आहे?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतात. कॉम्प्युटर चालू करून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कारण सुरुवातीला अपडेट आणि अँटिव्हायरसचे काम चालू असते. त्यानंतर नेहमीचे काम सुरू करून आकडे पाहावेत.

- डिस्क सतत १०० टक्क्यांच्या आसपास आणि सीपीयू मोकळा: अडथळा हार्ड डिस्कचा आहे.
- मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर: रॅम कमी पडते आहे किंवा ब्राउझरमध्ये फार टॅब उघडे आहेत.
- काही विशेष काम नसताना सीपीयू बराच वेळ १०० टक्के: एखादा प्रोग्राम अडकला आहे किंवा नको ते सॉफ्टवेअर मागे चालू आहे. रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केले की सर्वांत जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो.
- तिन्ही आकडे कमी, तरी कॉम्प्युटर संथ आणि हाताला गरम: उष्णतेचा संशय घ्यावा.

ही पाच मिनिटांची तपासणी केल्याशिवाय खर्च करू नये. अडथळा डिस्कचा असताना रॅम वाढवली, तर पैसे जातात आणि फरक फारसा दिसत नाही.

मागे चालणारी गर्दी कमी करा

मेसेजिंग अ‍ॅप, प्रिंटरचे सहायक, गेमचे लाँचर, व्हिडिओ कॉलचे प्रोग्राम असे अनेक जण कॉम्प्युटर सुरू होतानाच स्वतःला सुरू करून घेतात. टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ या विभागात त्यांची यादी असते. रोज न लागणाऱ्या प्रोग्रामवर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ निवडावे. याने प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त आपणहून सुरू होत नाही. अँटिव्हायरस, टचपॅड आणि साउंड यांच्या नोंदी मात्र तशाच ठेवाव्यात.

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवणे हे संथपणाचे नेहमीचे कारण आहे. विंडोज ८ पासून डिफेंडर हे संरक्षण विंडोजमध्येच दिलेले आहे. दुसरा अँटिव्हायरस विकत घेतलेला असेल तर तो एकच चालू द्यावा आणि मुदत संपलेला काढून टाकावा. ब्राउझरमधील न वापरलेली एक्स्टेन्शनही काढावीत.

एक बारकावा अनेकांना माहीत नसतो. विंडोज १० मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवून पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात होते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते. रोज शट डाउन करूनही एखादी अडचण जात नसेल तर ती रीस्टार्टने सुटण्याची शक्यता असते. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करण्याची सवय चांगली.

डिस्कवर श्वास घ्यायला जागा ठेवा

विंडोजला तात्पुरत्या फाइल, अपडेट आणि रॅम कमी पडल्यावरची उसनी मेमरी यांसाठी सी ड्राइव्हवर मोकळी जागा लागते. साधारण १५ ते २० टक्के जागा रिकामी ठेवावी. सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ या भागात कशाने किती जागा व्यापली ते दिसते आणि तिथूनच तात्पुरत्या फाइल पुसता येतात. त्या यादीत ‘डाउनलोड्स’ या नावापुढे खूण असेल तर ती आधी काढावी. बँकेची स्टेटमेंट आणि मुलांचे निकाल अनेक घरांत त्याच फोल्डरमध्ये पडून असतात.

मोठे अपडेट झाल्यावर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचे फोल्डर तयार होते. त्यात आधीची विंडोज जपलेली असते आणि काही दिवसांनी ते आपोआप जाते. नवी आवृत्ती नीट चालत असेल तर तेही स्टोरेजमधूनच पुसता येते. सी ड्राइव्हमधील ‘विंडोज’ फोल्डरमध्ये जाऊन हाताने काहीही पुसू नये.

हार्ड डिस्क असेल तर डिफ्रॅगचा उपयोग होतो, कारण तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली फाइल सलग केली की टोकाची धावपळ कमी होते. एसएसडीवर डिफ्रॅगचा फायदा नाही, उलट लिहिण्याची मर्यादा विनाकारण खर्च होते. विंडोज १० हे काम ठरलेल्या वेळापत्रकाने आपोआप करते आणि डिस्कचा प्रकार ओळखून योग्य पद्धत वापरते. वेगळे सॉफ्टवेअर आणण्याची गरज नाही.

धूळ आणि उष्णता

प्रोसेसर ठरावीक तापमानाच्या वर गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. बऱ्याच प्रोसेसरमध्ये ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पंखा आणि हीटसिंक यांच्यामध्ये धुळीचा थर बसला की हवा अडते आणि ही मर्यादा लवकर गाठली जाते. एप्रिल-मे महिन्यांत, रस्त्याकडेच्या घरांत आणि जमिनीवर ठेवलेल्या सीपीयूच्या डब्यात हे जास्त घडते. डबा जमिनीपासून वितभर उंच ठेवला आणि मागची बाजू भिंतीपासून दूर ठेवली तरी फरक पडतो. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नये, कारण हवा घेण्याची जाळी बहुधा खालच्या बाजूला असते.

डेस्कटॉपची सफाई घरी करता येते:

- कॉम्प्युटर बंद करून वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढावी. त्यानंतर चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी.
- आतील भागांना हात लावण्याआधी धातूच्या डब्याला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते.
- मऊ कोरडा ब्रश आणि ब्लोअर किंवा हवेचा डबा वापरावा. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत लावू नये, त्याने स्थिर वीज तयार होऊ शकते.
- हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. हवेने पंखा वेगात फिरला तर तो खराब होऊ शकतो.
- एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज शिल्लक असू शकते. त्याची धूळ बाहेरूनच उडवावी.

सफाईनंतरही तापमान उतरत नसेल तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांमधील थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. ती बदलणे हे थोडक्या वेळाचे काम आहे. सवय नसेल तर आणि लॅपटॉप असेल तर ते दुरुस्तीवाल्याकडून करून घ्यावे.

कॉम्प्युटर चालू होतो, ‘बीप’ वाजते, पण स्क्रीनवर काहीच येत नाही, ही तक्रार पावसाळ्यात वाढते. अनेकदा रॅमच्या सोनेरी पट्टीवर मळ किंवा गंज धरलेला असतो. रॅम काढून पट्टी कोरड्या मऊ कापडाने किंवा साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून, खोडरबराचे कण झटकून ती परत घट्ट बसवली की बरेच कॉम्प्युटर पुन्हा चालू होतात.

वीज, पावसाळा आणि समुद्राची हवा

वीज अचानक जाणे हे हार्ड डिस्कसाठी आणि लिहिल्या जात असलेल्या फाइलसाठी वाईट. साधा यूपीएस फाइल जतन करून कॉम्प्युटर नीट बंद करायला पुरेसा वेळ देतो. त्याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत दमते. वीज गेल्याबरोबर कॉम्प्युटरही बंद पडत असेल तर यूपीएस न बदलता फक्त बॅटरी बदलून पाहावी. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातील अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. हा कॉम्प्युटरपेक्षा माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

विजांच्या कडकडाटात वायर सॉकेटमधून काढून ठेवावी आणि ब्रॉडबँडची वायरही राउटरपासून वेगळी करावी. साधा एक्स्टेन्शन बोर्ड अशा वेळी संरक्षण देत नाही. कोकण, मुंबई आणि गोव्यातील दमट, खारट हवेत महिनोन्‌महिने बंद ठेवलेला कॉम्प्युटर लवकर गंजतो. आठवड्यातून एक-दोनदा अर्धा तास चालू ठेवला तर आतली ऊब ओलावा कमी करते.

कॉम्प्युटरचे घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची, ३ व्होल्टची सीआर २०३२ बॅटरी संपली असे समजावे. तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळेही असुरक्षित ठरवतो, बँकेचे पान उघडत नाही आणि दोष इंटरनेटला दिला जातो. ही बॅटरी इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळते.

पैसे खर्च करायचे तर कशावर?

टास्क मॅनेजरने डिस्कचा अडथळा दाखवला असेल तर एसएसडी बसवणे हा सर्वांत जास्त फरक पाडणारा खर्च आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या तबकडीला एक फेरी पूर्ण करायला सुमारे ८ मिलिसेकंद लागतात आणि हवी ती माहिती टोकाखाली येईपर्यंत थांबावेच लागते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने ही वाट पाहणे जवळपास संपते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल वाचल्या जातात, म्हणून फरक तिथे लगेच जाणवतो. जुन्या कॉम्प्युटरसाठी अडीच इंची सॅटा एसएसडी लागते. जुनी हार्ड डिस्क ठणठणीत असेल तर तिचा उपयोग फोटो ठेवायला होतो.

मेमरी कमी पडत असेल तर ४ जीबीवरून ८ जीबी केल्यावर ब्राउझरचे काम सुसह्य होते. घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. रॅम डीडीआर ३ आहे की डीडीआर ४, कारण त्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही. मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो. आणि विंडोज ३२ बिटची आहे की ६४ बिटची, कारण ३२ बिटची घरगुती विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरूच शकत नाही. जुन्या पिढीचे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात शोधता येतात. वापरलेला भाग घेताना तपासणीची आणि परत करण्याची मुदत लिहून घ्यावी.

विंडोज १० चे काय करायचे?

विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबली आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला नाही, पण नव्याने सापडणाऱ्या त्रुटींची दुरुस्ती आपोआप येणे थांबले. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची योजना ठेवली. त्यासाठी विंडोज अपडेटच्या पानावरून नोंदणी करावी लागते.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१७-१८ नंतरच्या पिढीचे प्रोसेसर लागतात. त्यामुळे अनेक चांगले चालणारे कॉम्प्युटर यादीबाहेर राहतात. आडमार्गाने ती बसवता येते, पण पुढची अपडेट मिळतील याची खात्री नसते.

अशा कॉम्प्युटरसाठी लिनक्स हा खरा पर्याय आहे. लिनक्स मिंट किमान २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबी असेल तर बरे. भारत सरकारच्या सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली भारतीय भाषांच्या आधारासह विकसित केली आहे. मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, काहीही न पुसता. ब्राउझिंग, मेल, यूट्यूब आणि युनिकोड मराठी टायपिंग यांसाठी ती पुरेशी आहे. टॅली किंवा श्रीलिपीसारखे विंडोजसाठी बनवलेले प्रोग्राम मात्र तिच्यावर थेट चालत नाहीत. त्यांवर रोजचे काम अवलंबून असेल तर हा मार्ग निवडू नये.

हे टाळाच

- ‘पीसी बूस्टर’ आणि रजिस्ट्री क्लीनर: रजिस्ट्री साफ केल्याने वेग वाढत नाही, चुकीची नोंद गेली तर विंडोज मात्र बिघडते. रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय प्रोग्रामच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती सुमारे २२ लाख कॉम्प्युटरवर पोहोचली होती.
- क्रॅक केलेली विंडोज: फॉरमॅट करून देणाऱ्याला ती खरी आहे का, हे विचारावे. फुकट अ‍ॅक्टिव्हेशन करणारे प्रोग्राम आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच धोका आहे.
- स्क्रीनवरचा फोन नंबर: ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असा इशारा देणारी पाने फसवणुकीची असतात. पान बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी.

देखभालीचे सोपे वेळापत्रक

- दर आठवड्याला: रीस्टार्ट, अपडेट तपासणे, महत्त्वाच्या नव्या फाइलची प्रत काढणे.
- दर महिन्याला: डिस्कवरील जागा, स्टार्टअपची यादी आणि ब्राउझर एक्स्टेन्शन पाहणे, बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप.
- दर तीन महिन्यांनी: डिस्कची ‘स्मार्ट’ नोंद पाहणे, जाळ्या आणि कीबोर्ड पुसणे, बॅकअपमधली एखादी फाइल खरोखर उघडते का ते पाहणे.
- वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर: डबा उघडून सफाई, यूपीएसची चाचणी.

कधी थांबावे?

मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगले असतील, दुरुस्तीचा खर्च वापरलेल्या चांगल्या कॉम्प्युटरच्या किमतीजवळ जात असेल किंवा कामाचे सॉफ्टवेअर चालतच नसेल, तर तो बदललेला बरा. लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल, तर तो चार्ज करणे लगेच थांबवून बॅटरी जाणकाराकडून काढून घ्यावी. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

जुना कॉम्प्युटर देण्याआधी त्यातली डिस्क काढून घेणे सर्वांत सुरक्षित. फाइल डिलीट करून किंवा झटपट फॉरमॅट करून माहिती खऱ्या अर्थाने पुसली जात नाही, ती परत मिळवता येते. उरलेला सांगाडा रद्दीवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर जुनी यंत्रे परत घेण्याची सोय दिलेली असते.